परतीची मुदत

खोकं आलं मंगळवारी, साडेचौदा हजारांचं.
आत बारा पुस्तिका, कालरेषेची गुंडाळी,
चिकटवायचे राजे, चाचण्यांचे कागद,
आणि पालकांसाठी एक वेगळी वही:
पहिल्या दिवशी काय बोलायचं,
मुलाने हे विचारलं तर ते सांगायचं.
झाकणावर छापलंय, पसंत नसल्यास
दहा दिवसांत परत.

निरंजन म्हणाला, ठेव.
तू कधी शिकलीस इतिहास?
खरंय. मी कॉमर्सवाली,
माझा इतिहास दहावीत संपला, बावन्न मार्कांवर.

पण उन्हाळाभर मी घरातच एक दोरी टाकली होती,
दाराच्या पायरीपासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत,
तिला कपड्यांचे चिमटे.
हा शाल्मलीचा जन्म.
हा विश्वामित्रीचा पूर, मगर
जशुबेनच्या स्कूटरखाली सापडली ते वर्ष.
हे आजोबांचं रिटायर होणं, हा पहिला फ्रिज.
आणि शेवटचा निळा चिमटा,
पणजोबा वाईहून बडोद्याला आले तो.
त्याच्यापुढे सिलिंडर.

सिलिंडरच्या मागे काय, शाल्मलीने विचारलं.
म्हटलं, भिंत.

खोक्यातली सातवी पुस्तिका, पान एकोणीस,
आमच्या शहराला अडीच ओळी.
एक राजवाडा, एक ग्रंथालय, पुढे चला.
मगर नाही, दांडिया बाजार नाही,
घरी मराठी नि ओट्यावर गुजराती बोलणारी आम्ही नाही.
मी पत्ता लिहायला पेन शोधायला लागले.

तेवढ्यात खाली, चौकटीत, बारीक अक्षरात:
तुमच्या भागात सारा कोण गोळा करी?
कोणाकडून?

मेला हा प्रश्न
मी तिला जन्मात विचारला नसता.

पणजोबा महसुलात कारकून.
आम्ही एवढंच सांगतो, पगडीसकट.
त्यांचे कागद बिस्किटांच्या डब्यात,
मोडीत, म्हणजे कोणाला न कळणारे,
म्हणजे पूज्य.

प्रतापनगरच्या देवस्थळीकाकांनी
भिंग धरून एक वाचला.
मधेच थांबले, चहा प्यायले, परत वाचला.
भीखा मेघा. बाकी रुपये नऊ.
बैल नाही.
तांब्याची परात एक, जमा.
खाली पणजोबांची सही,
काय वळण, काय शेपटी,
शाल्मलीला लगेच तशी काढायची होती.

जशुबेनचं माहेर नदीपलीकडच्या त्याच गावांतलं.
तिला मी अजून काही बोलले नाहीये.
काल तिने ढोकळ्याचं ताट पाठवलं
आणि मी ते घासून, पुसून,
रात्रीच परत दिलं. सकाळपर्यंतसुद्धा थांबले नाही.

शाल्मली सही गिरवून झाल्यावर म्हणाली,
मग परात परत दिली का?

पालकांची वही चाळली.
मुलाने हे विचारलं तर, यात हे नव्हतं.
माझ्या दोरीवर तर नव्हतंच.
आपण आखलं की किती छान आखतो,
बरोब्बर आपल्या उंबऱ्यापर्यंत.

नवव्या दिवशी दोघींनी मिळून सिलिंडर ओढला.
मागे एक मेलेलं झुरळ, हरवलेलं चाळणीचं झाकण,
आणि भिंतीवर, गुडघाभर उंच,
पुराची मातकट रेघ.
सगळ्या घराला रंग दिला होता आम्ही.
इथे कोण बघतंय म्हणून राहिली होती.

शाल्मलीने एक चिमटा काढला, कोणता रंग घेऊ म्हणाली.
मला सुचेना.

मग मी कंपनीला फोन लावला,
सातवी पुस्तिका ठेवून
बाकीचं परत करता येईल का?
पलीकडची मुलगी फार गोड बोलली.
नाही हो मॅडम, म्हणाली,
संच अख्खा लागतो.
आणि बाकी,
असं म्हणून ती जरा थांबली, काहीतरी टाइप केलं,
बाकी काही विचारायचंय?